चौथा वाफा

आमच्या काकांनी आयुष्यात एकही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानलेली नाही, आणि एकदाच मोजून तर मुळीच नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. ज्वारीच्या एका सरकारी संशोधन फार्मवर त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली. काम काय, तर एकाच शेताचे सारखे वाफे पाडायचे, प्रत्येक वाफ्यात वेगळा वाण पेरायचा, पुढे पत्र्याची नंबराची पाटी ठोकायची, ताटांची उंची मोजायची, कणसं तोलायची आणि सगळं वहीत लिहायचं. त्यातला एक वाफा मात्र नेहमीच्या जुन्या वाणाचा ठेवायचा. त्याला फार्मवर सगळे 'कंट्रोल' म्हणत. नवा वाण चांगला की वाईट हे त्या जुन्याशी ताडून ठरायचं. साहेब बदलून गेले, वाण आले आणि गेले, काकांची वही आणि पट्टी तेवढी जागची हलली नाही. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडलेला हारसुद्धा त्यांनी घरी येऊन वितीनं मोजला, असं मावशी सांगते. मावशी सांगते म्हणून मी ते खरं धरतो, नाहीतर मीही दोनदा विचारून घेतलं असतं.

परभणीजवळच्या ताडकळसला त्यांच्या घरी गेलात तर आधी पाट्या दिसतात. अंगणातल्या दोन्ही लिंबांना पाटी, चपलांच्या जागेला पाटी, पाण्याच्या माठांना पाटी. माठ दोन आहेत, एक परभणीहून आणलेला आणि एक जिंतूरहून, कारण कोणत्या मातीत पाणी जास्त गार होतं याचा निकाल अजून लागायचा आहे. एकदा मी सहज म्हणून गेलो, "काका, आल्याचा चहा झकास झालाय." बोलून फसलो. काकांनी लगेच बिनआल्याचा चहा टाकायला लावला, दोन्ही कप माझ्यापुढे ठेवले, डोळे मिटायला सांगितले आणि कपांच्या जागा बदलून तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा चुकलो. "बघ," काका समाधानानं म्हणाले, "तुला आलं न्हाई आवडत, तुला गरम आवडतंय." आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य: "पर एका हंगामावर निकाल देत नसतात." मावशीला बघायलाही ते तीन वेळा गेले होते. पहिल्या खेपेला मुलगी पसंत पडली असेल असं तिच्या घरच्यांना वाटलं, दुसऱ्या खेपेला नसेल असं वाटलं, तिसऱ्या खेपेला माझे आजोबा काठी शोधायला लागले. "तिन्ही येळंला पोहे सारखेच झाले व्हते," काका अजूनही सांगतात, "तवा हो म्हणलो." यावर मावशी म्हणते की तिन्ही वेळचे पोहे तिच्या वहिनीनं केले होते.

अशा या माणसाला जगातली एकच गोष्ट मोजावीशी वाटली नव्हती, ती म्हणजे स्वतः. सकाळी परातभर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, दुपारी येसराची आमटी आणि चार भाकऱ्या, संध्याकाळी परत तेच आणि मधल्या वेळात जे समोर येईल ते चाखून बघणं. "चाखणं हा आमच्या खात्यातला भागच हाय," असं म्हणत त्यांनी हुरड्याच्या दिवसांत इतके वाण चाखले की फार्मवरच्या पाखरांना राखणदाराची भीती राहिली नाही, काकांची राहिली. त्यांची जुनी मोटारसायकल ते बसले की एक उसासा टाकायची. मी पाहिलं तेव्हा ते एकशे चार किलोंवर होते.

आणि त्याच वजनापायी एक गोष्ट अडून बसली होती. मावशीच्या स्वयंपाकघरात, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, एका जुन्या कॅलेंडरचं पान कापून चौकटीत बसवलेलं आहे. अजिंठ्याचा, हातात कमळ धरलेला, खाली बघणारा पद्मपाणी. भाकरी थापताना मावशीची नजर त्याच्यावर असते. तो प्रत्यक्ष बघायचा ही तिची लग्नाच्या आधीपासूनची इच्छा. पंधरा वर्षांपूर्वी गल्लीतल्या मंडळींबरोबर दोघं गेलेही होते. बसमधून उतरले, वर जाणाऱ्या पायऱ्या लागल्या आणि काका तेविसाव्या पायरीवर जे बसले ते उठेनात. घामानं शर्ट भिजला, ओठ पांढरे पडले. बाकीची मंडळी वर गेली. मावशी मात्र काकांबरोबर तिथूनच खाली आली आणि रंगीत खडे विकणाऱ्यांच्या रांगेपाशी बसून म्हणाली, "खालूनबी लय छान दिसायलंय." खालून तिथं बसगाड्यांशिवाय काहीही दिसत नाही. काकांना ते वाक्य पंधरा वर्षं पचलं नव्हतं. मी एकदा मावशीला म्हटलं, मी नेतो तुला. तर म्हणाली, "बघायचं तं दोघांनी. एकटीनं बघून मी ह्यांना काय सांगू, अन् कसं सांगू?" डोलीचं नाव काढलं तर काका उखडले: "त्या चार डोलीवाल्यांनी माझं काय वाकडं केलंय?" निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की येत्या जानेवारीत तिला वर न्यायचं, आपल्या पायानं. त्यासाठी अंगावरचे पंधरा-वीस किलो तरी इथंच ताडकळसला उतरवून जायला हवे होते.

त्या वर्षी माझी बदली बँकेच्या ताडकळस शाखेत झाली होती आणि मी मावशीकडेच राहत होतो. काका रोज संध्याकाळी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून वजन कमी करण्याचे उपाय ऐकायचे. एक डॉक्टर सांगे, दिवसातून दोनदाच जेवा, मधे चिमूटही नको. दुसरा सांगे, दर दोन तासांनी मूठभर खात राहा, पोट रिकामं ठेवाल तर मराल. तिसऱ्याच्या मते भाकरी म्हणजे विष आणि तूप, पनीर, अंडी म्हणजे अमृत. दुसरा कुणी गोंधळला असता. काका खुलले. "तीन साहेब, तीन शिफारशी," ते मांडी थोपटून म्हणाले. "लावा ट्रायल!"

ट्रायल लावायची तर वाफे हवेत. पहिला वाफा काका स्वतः, दोन वेळच्या जेवणाचा. दुसरा वाफा मी, भाकरीबंदीचा. मला कुणी विचारलं नाही; वाफ्याला विचारत नसतात. तिसरा वाफा शेजारचे निवृत्त कंडक्टर, दर दोन तासांचा. त्यांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा-सून पुण्याला, घरात एकटेच. वजन त्यांचंही सुटलेलं होतं. आणि चौथा वाफा मावशी, कंट्रोल, नेहमीचंच खाणं. दर महिन्याला पहिल्या तिघांची फेरपालट. आम्ही जेवायला बसायचो तिथल्या भिंतीवर चार पत्र्याच्या पाट्या खिळ्यांना लटकल्या. काकांनी नियम वाचून दाखवले, त्यातला शेवटचा ते बोट वर करून म्हणाले: "कंट्रोलला कुनीबी हात लावायचा न्हाई. तिला खा म्हणायचं न्हाई, खाऊ नको म्हणायचं न्हाई. जसं चालू हाय तसं चालू द्यायचं." मावशी पीठ मळत होती. ती म्हणाली, "मला तं आजवर कुनीच काय म्हणलं न्हाई. आता काहून म्हणतील?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

मग सुरू झालं ते काय सांगावं. काका सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला जेवायचे, पाऊण तास घड्याळ लावून. त्या पाऊण तासात ते पूर्वीचा दिवसभराचा खुराक बसवायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा वेग असा वाढायचा की वाढणाऱ्याची धांदल व्हावी. मी तीन आठवडे अंडी आणि तुपातल्या भाज्या खाऊन बँकेत इतका चिडका झालो की पासबुक भरून मागायला आलेली म्हातारी म्हणाली, "साहेब, घरी काय झालंय का?" मला त्या दिवसांत जेवायच्या सुट्टीत दुसऱ्यांच्या डब्यातल्या भाकरीचा वास शंभर पावलांवरून यायचा. कंडक्टर मात्र वक्तशीर. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा, मिनिटाचा फरक नाही. ओट्यावर येऊन कडी दोनदा वाजवायचे आणि आत ओरडायचे, "दहाची गाडी लागली, वहिनी!" मग मावशी त्यांना फुटाणे, पेरूची फोड, मुगाचं धिरडं, जे असेल ते छोट्या डबीत घालून द्यायची. ते तिथंच बसून खायचे आणि एक जुना किस्सा सांगून जायचे. दर महिन्याला फेरपालट झाली की सगळं उलटंपालटं व्हायचं. अंडी काकांची, डब्या माझ्या, पाऊण तासाचं घड्याळ कंडक्टरांचं.

वजनासाठी काकांचा घरगुती काट्यावर विश्वास नव्हता. दर आठवडी बाजाराला आम्ही चौघं एका ओळखीच्या आडत दुकानात जायचो आणि जिथं सोयाबीनची पोती तोलतात त्या काट्यावर एकेक उभे राहायचो. तिथला म्हातारा हमाल मोठा वल्ली होता. ओल्या मालाचं वजन कापून धरतात, म्हणून काका चढले की तो आकडा बघून ओरडायचा, "काका, ओलावा किती धरू?" आणि मावशी चढली की आदबीनं दोन पावलं मागं सरायचा. काका सगळे आकडे वहीत लिहायचे, पण आधीचे आकडे मुद्दाम न बघता, पानाची घडी घालून. तीन महिने पुरे झाल्याशिवाय तुलना करायची नाही, हा फार्मच्या शिस्तीचा भाग. मधेच डोकावलं की मन एका वाणाकडं झुकतं, असं ते म्हणायचे.

तीन महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, वही उघडली. कंडक्टर एक किलो उतरले होते. मी दोन किलो चढलो होतो. काका पाच उतरून चार परत चढले होते, म्हणजे हाती राहिला एक. आणि कंट्रोल आठ किलोंनी उतरला होता.

काकांनी आकडे परत जुळवले. मग चष्मा पुसला. मग म्हणाले, "काटा चुकलाय." पण एकाच माणसापुरता चुकणारा काटा कुठला? कंट्रोल हलला, याचा अर्थ काकांच्या खात्यात फार वाईट असतो. म्हणजे ट्रायल कुठंतरी मुळातच बिघडलीय आणि तुम्हाला कळलं नाही. अशा वेळी माणूस बांधावर जाऊन बसतो आणि नुसतं बघतो. काकांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. पहाटे साडेपाचला ते स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून, मांडीवर वही घेऊन बसले. मावशी म्हणाली, "बांधावर बसल्यासारखं काय बसलाव?" काकांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली.

ती वही मी नंतर वाचली. डाव्या बाजूला काम, उजव्या बाजूला 'वाफा चार, काय खाल्लं'. सहा: अंडी उकडली. सात: धिरड्याचं वाटण. आठ: पहिली डबी. नऊ: भाकऱ्या, सहा. दहा: एकाचं जेवण, दुसरी डबी, तिसऱ्याची भाजी वेगळी, तुपात. डावी बाजू अशी पानभर भरलेली. उजवीकडे: साडेनऊ, चहा. साडेअकरा, अर्धी भाकरी, चटणी, उभ्यानं. दोन, डबीतलं उरलेलं, चमचाभर. चार, चहा. त्याच्या खाली काकांनी काही लिहिलेलंच नव्हतं.

साडेचारला मी चहा मागायला गेलो तेव्हा वही मिटलेली होती आणि काका तसेच दारात बसले होते. मावशी सहाच्या जेवणाचं पीठ काढत होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मी तीन महिने रोज त्या हातचं खात होतो आणि मला ते त्या दिवशी दिसलं. मला स्वतःची लाज वाटली, अजूनही वाटते.

"फार्मवर समद्या वाफ्यांना सारखं पाणी द्यावं लागतंय," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "कंट्रोलला पाणी चुकलं तं समदी ट्रायल खोटी. तीस वर्षांत मी एकदाबी चुकू दिलं न्हाई, बाळ. इंजिन बंद पडलं तं घागरीनं घातलंय." "अन् घरात चुकलो."

मावशीनं हात झटकले. "आता रडायलाव का काय? तुमीच म्हणलाव की, कंट्रोलला हात लावू नका. न्हाई लावला कुनी. ब्लाऊज सैल झालं तं सुईदोरा हाय घरात."

"तू सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू? मी तं नेहमीचंच खायलते. आधी तुमचं एकाचं करून खायचे, आता तिघांचं करून खायलते. येळच न्हाई पुरत, त्याला कोन काय करंल?"

तिचं म्हणणं खरं होतं. सगळ्यांचं झाल्यावर बाईनं उरलंसुरलं खायचं, हाच आमच्या घरचा नेहमीचा जुना वाण होता. माझी आजी तशीच जेवली, आई तशीच जेवते. वाफ्यात खोट नव्हती. खोट त्याला 'जसं चालू हाय तसं' सोडण्यात होती.

दुसऱ्या दिवशी मावशीला परभणीला दवाखान्यात नेलं. रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, वेळेवर जेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत आल्या आल्या काकांनी भिंतीवरच्या चारही पाट्या काढल्या. ट्रायल रद्द. आता एकच चूल, एकच स्वयंपाक, भाकरी, पालेभाजी, वरण, ताक, आणि सगळे एकदम बसणार. मावशीचं ताट वाढलं गेल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही. आणि मावशी बसणार तर भाकरी कोण करणार? काका.

ज्या माणसाला ज्वारीचे शेकडो वाण डोळे मिटून ओळखता येत होते, त्यानं जन्मात एक भाकरी थापली नव्हती. पहिली भाकरी परातीतून तव्यावर जाताना तिचे तीन तुकडे झाले. दुसरीचा आकार आपल्या परभणी जिल्ह्यासारखा आला, फक्त पाथरीकडचा भाग तुटलेला. काका तिची लांबी आणि रुंदी दोऱ्यानं मोजून पुढची थापायचे. मावशी ताटावर बसून सूचना द्यायची आणि हसून तिला ठसका लागायचा. त्या भाकऱ्या एका बाजूनं कच्च्या, दुसऱ्या बाजूनं करपलेल्या, मधे जाड. आणि इथंच, कोणत्याही साहेबानं शिफारस न केलेला गुण दिसून आला. काकांना स्वतःच्या हातची भाकरी दीडच्या वर जाईना. शिवाय पीठ मळून, दळण आणून, तवा घासून माणूस दमायचा तो वेगळाच. महिन्याभरात मोटारसायकलीनं उसासा टाकणं बंद केलं. हमाल म्हणाला, "काका, माल वाळायलाय!" आणि मावशी काट्यावर चढली तेव्हा आकडा वर सरकलेला बघून काकांनी भर बाजारात टाळी वाजवली.

मला वाटलं, आता ते हाच उपाय साऱ्या गावाला सांगत सुटतील. पण नाही. "जमीन बघून वाण लावावं लागतंय," ते म्हणायचे. कंडक्टरांना दोन-दोन तासांचंच मानवलं. त्यांच्या डब्या आता ते स्वतः भरून आणायचे, ओट्यावर बसून खायचे आणि किस्सा सांगून जायचे. त्यांना फुटाण्यांपेक्षा सहा वेळा माणसं दिसणं मानवत होतं, हे काकांनीच ओळखलं. मला सकाळची दोन अंडी आणि पोटभर भाकरी जमली. चिडचिड गेली, पासबुकवाल्या म्हातारीनं मला भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या.

डिसेंबरात माझी बदली जिंतूरला झाली आणि जानेवारीत काका-मावशी अजिंठ्याला गेले. तेव्हा काका नव्वदला होते. ठरवल्यापेक्षा थोडे जास्तच, पण गेले. मला रजा मिळाली नाही. पुढच्या रविवारी मी ताडकळसला पोचलो आणि दारातूनच विचारलं, "चढलात?"

"चढलो की."

"किती पायऱ्या?"

काकांनी वही माझ्या हातात दिली. पानावर त्यांच्या सवयीनं रकाने आखलेले. एकपासून तेविसापर्यंत आकडे ओळीनं, प्रत्येकापुढे बारीक खूण. तेवीसच्या पुढे 'हितून परत गेलो व्हतो' एवढं लिहिलेलं. त्याखाली पान कोरं. मी पुढचं पान उलटलं, तेही कोरं.

"पुढच्या?"

"त्या मोजायच्या ऱ्हायल्या," काका म्हणाले. "ती पुढं चालायलती. मी तिच्याकडंच बघायलतो."

आतून मावशी म्हणाली, "अन् आत गेल्यावर माझ्यापेक्षा हेच जास्त येळ हुबे. हललेच न्हाईत. मला म्हणले, खालून न्हवतं गं दिसत हे."

काका परातीशी जाऊन बसले. भाकरी अजून गोल होत नाही. जिंतूरच्या खोलीवर मी एकटाच जेवतो, आणि कधीकधी ताट वाढून घेतल्यावर हात आपोआप थांबतो, कुणाचं वाढायचं राहिलंय का हे बघायला. त्या दिवशी तसं थांबायची गरज नव्हती. तिन्ही ताटं मांडलेली होती. काकांनी तव्यावरची पहिली भाकरी मोडून पापुद्रा मावशीच्या ताटात घातला, आणि आम्ही जेवायला बसलो.